पान चौदावरची कोरी जागा

मेलेल्या कोकराची कातडी अंग गरम असतानाच काढावी लागते. एकदा गार झालं की ती मांसाला धरून बसते आणि सुरी भलतीकडेच जाते. गॅव्हिन हॅडो कुंपणाच्या आडोशाला गुडघे टेकून ते काम करत होता. त्याच्या कोटाच्या आत दुसरं एक कोकरू होतं. त्याची आई पहाटे गेली होती. ही कातडी त्याला सदऱ्यासारखी चढवायची, चारी पाय चार भोकांतून बाहेर काढायचे आणि पिल्लू गमावलेल्या मेंढीपुढे सोडून द्यायचं. मेंढी हुंगते. आपल्याच पिल्लाचा वास आला की पाजायला उभी राहते. दोन-तीन दिवसांनी कातडी कापून टाकली तरी चालते, तोवर तिला त्याची सवय झालेली असते.

हे काम त्याने वयाच्या नवव्या वर्षापासून केलं होतं. आता तो बहात्तर वर्षांचा होता. वायकाकाच्या खोऱ्यात सप्टेंबरचा, म्हणजे इथल्या वसंतातला, वारा दक्षिणेकडून येत होता आणि माळावर सहाशे मेंढ्या विणीला आल्या होत्या.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. ती त्याची थोरली बहीण टीनी. टीनी कुणाचीही गाडी आपल्या गाडीपुढे जाऊ देत नसे आणि कुणालाही शेवटचा शब्द बोलू देत नसे. लग्न तिने केलं नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. कानामागे पेन्सिल मात्र अजून तशीच होती.

"उठू नकोस," ती कुंपणापलीकडून म्हणाली. "उठताना तुझे गुडघे वाजतात. मेंढ्या बुजतील."

"चहा चुलीवर आहे. घे जाऊन."

"तुझा चहा मी प्यायलेय. डांबर बरं. गोरच्या छापखान्याचा फोन आला होता, गॅव्हिन. शुक्रवारी सगळी पानं गोरला पोचली पाहिजेत. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. नाहीतर डिसेंबरच्या मेळाव्याला पुस्तक मिळणार नाही, आणि दीडशे हॅडो इथं येऊन तुझं तोंड बघत बसतील."

गॅव्हिनने कातडीचं शेवटचं टोक सोडवलं. "मग ने की पानं."

"नेली असती. दोन जागा कोऱ्या आहेत. पान चौदा आणि पान एकसष्ट. तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. कोटातून कोकरू काढून त्याने त्याला ती ओली कातडी चढवली आणि मेंढीपुढे सोडलं. मेंढीने हुंगलं, पाय आपटला, आणि दूर जाऊन उभी राहिली.

"नाही घ्यायची ती," टीनी म्हणाली.

"घेईल. थांबावं लागतं."

*

पुस्तक नेट्टाचं होतं. नेट्टा, कागदोपत्री जेनेट, म्हणजे गॅव्हिनची बायको. ती मोवॅटांच्या घरची, हॅडोंशी तिचं रक्ताचं काही नातं नव्हतं. तरी अकरा वर्षं ती हॅडोंची कुळकथा गोळा करत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला तिचा टाइपरायटर असे. त्याच टोकाला कणीक मळली जायची, म्हणून काही पानांवर अजून पीठ होतं. ती सगळ्यांना पत्रं लिहायची. चर्चची जुनी पुस्तकं उतरवून घ्यायची. थडग्यांवरचं शेवाळ घासायची आणि नावं वहीत लिहून आणायची.

"मेलेली माणसं तुझे आभार मानायची नाहीत," गॅव्हिन म्हणायचा.

"जिवंत तरी कुठं मानतात?" असं म्हणून ती त्याच्यापुढे ताट ठेवायची.

पुस्तक सुरू होत होतं थोरल्या निनियनपासून. निनियन हॅडो, जन्म १८३०, धंदा मेंढपाळ. ८ सप्टेंबर १८५८ ला तो स्कॉटलंडहून जहाजाने या देशात उतरला. पोर्ट चामर्सच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे एक पेटी, एक कुत्रा आणि एक बायबल होतं. कुत्रा वाटेत मेला असंही काही जण सांगत. पुढे त्याने या खोऱ्यात गवताची जमीन घेतली, मातीच्या भिंतींचं घर बांधलं आणि ॲग्नेस टुलॉक नावाच्या बाईशी लग्न केलं. आजचे सगळे हॅडो त्या दोघांचे.

या लोकांमध्ये मुलाचं नाव शोधावं लागत नाही. ते ठरलेलं असतं. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा. दुसरा मुलगा आईच्या बापाच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. दुसरी मुलगी बापाच्या आईच्या नावाची. म्हणून हॅडोंच्या घरात एक पिढी निनियन, दुसरी गॅव्हिन, तिसरी निनियन, असं सव्वाशे वर्षं चाललं. गॅव्हिनच्या मुलाचं नाव निनियनच. त्याने मात्र ऑस्ट्रेलियात जाऊन मुलीचं नाव ट्रेसी ठेवलं. तेव्हा टीनीने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "ट्रेसी कोण वारली आपल्यात?"

आणि म्हणूनच पान चौदावरची ती जागा कोरी होती. ॲग्नेस टुलॉकच्या आईचं नाव होतं बार्बरा. नेमाप्रमाणे ॲग्नेसची पहिली मुलगी बार्बरा व्हायला हवी होती. ती होती ग्रिझेल. दुसरी मुलगी क्रिस्टिना, ती निनियनच्या आईच्या नावाची. ते बरोबर होतं. तिसरी मुलगी झालीच नाही, म्हणून बार्बरा हे नाव घराण्यात कधी आलंच नाही. टुलॉकांत ग्रिझेल नव्हती. हॅडोंत नव्हती. मग हे नाव आलं कुठून?

घरातल्या म्हाताऱ्यांकडे याचं उत्तर होतं. ॲग्नेसचं आपल्या आईशी हाडवैर होतं. आईने तिला अनवाणी घराबाहेर काढलं होतं, म्हणून ती मोलकरीण होऊन जहाजावर चढली, आणि पहिली मुलगी झाली तेव्हा तिने आईचं नाव मुद्दाम टाकलं. जहाजावर ऐकलेलं पहिलं नाव उचललं आणि मुलीला चिकटवलं. ही गोष्ट गॅव्हिनने आजोबांकडून ऐकली होती. घरात कुणी पोर उलटून बोललं की अजूनही म्हणत, "ॲग्नेसवर गेलंय."

नेट्टाला ती गोष्ट पटत नव्हती. "जी बाई सासूचं नाव विसरत नाही, ती आईचं मुद्दाम टाकेल का?" ती म्हणायची. "काहीतरी असणार." जहाजावरच्या डॉक्टरची रोजनिशी ड्युनेडिन शहरातल्या दप्तरखान्यात आहे असं तिला कळलं होतं. जानेवारीत तिने पहिल्यांदा विचारलं.

"ड्युनेडिनला जाऊ या का एक दिवस? ती रोजनिशी बघायची आहे."

"कातरणी होऊ दे."

कातरणी झाली. फेब्रुवारीत तिने पुन्हा विचारलं. तेव्हा गवत कापायचं होतं. मार्चमध्ये विचारलं तेव्हा मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं होतं. एप्रिलमध्ये, मेंढे कळपात सोडायच्या दिवशी, ती फाटकापर्यंत चालत आली. ती कधी कामाच्या वेळी फाटकापर्यंत यायची नाही. हातात त्याच्यासाठी चीजचे पाव होते, आत चीज घालून गुंडाळून भाजलेले.

"पुढच्या गुरुवारी चल ना," ती म्हणाली. "फक्त एक दिवस."

"नेट्टा, एक नाव आहे गं ते. सव्वाशे वर्षं थांबलंय. हिवाळ्यापर्यंत थांबेल."

"हो," ती म्हणाली. "नाव थांबेल."

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला ती चुलीपुढे वाकली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल.

पान एकसष्टवर तिने स्वतःची ओळ टाइप केली होती. जेनेट मोवॅट, गॅव्हिन हॅडो यांची पत्नी, जन्म १९१६. त्यापुढे आडवी रेघ, आणि पुढे कोरं. ती दुसरी कोरी जागा. चार महिने गॅव्हिनने तिथे तारीख लिहिली नव्हती.

*

"पान एकसष्ट मी भरते," टीनी स्वयंपाकघरात म्हणाली. तिने त्याचा चहा ओतून टाकला होता आणि नवा केला होता. "एक तारीखच तर लिहायची आहे."

"नको. मी लिहीन."

"मग लिही. आणि पान चौदावर मी लिहिणार आहे, नावाचं कारण ठाऊक नाही. चार शब्द. जागा भरते, कुणाची तक्रार नाही."

"नेट्टाने जागा अर्धं पान सोडलीय."

"नेट्टा आशावादी होती. तुझ्याशी लग्न केलं तिने."

खिडकीतून ती मेंढी दिसत होती. पिल्लू तिच्या मागे मागे जात होतं, ती पुढे पुढे जात होती.

"उद्या मी ड्युनेडिनला जातो," तो म्हणाला.

टीनीने कप खाली ठेवला. "विणीच्या दिवसांत?"

"डूगलला सांगतो बघायला." डूगल म्हणजे शेजारच्या मळ्यावरचा.

"गॅव्हिन हॅडो, आई वारली तेव्हा तू कबरीवरून थेट मेंढवाड्यात गेला होतास, एक मेंढी अडली होती म्हणून. बाबांनी तुला काळ्या बुटांनिशी शेणात पाहिलं. आणि आता तू एका नावासाठी—"

"तिने मला विचारलं होतं," गॅव्हिन म्हणाला. "चार वेळा."

टीनीने पेन्सिल कानामागून काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. "सकाळी लवकर नीघ," ती म्हणाली. "आणि तो कोट घालू नकोस. त्याला कोकराचा वास येतो."

*

लग्नातला सूट त्याला अजून होत होता, फक्त कंबरेला सैल. डूगलला सगळं दोनदा सांगून तो सहाला निघाला. गोरपर्यंत पाऊस होता, पुढे उघडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळावर पांढरे ठिपके होते. दुसऱ्यांची कोकरं बघत तो गाडी चालवत होता आणि मनात एकच गोष्ट होती. नाव मिळालं पाहिजे. मिळालं की पान चौदा भरायचं. मग पान एकसष्ट. तिचं काम तिच्या मनासारखं पुरं झालं, असं मग म्हणता येईल. झालेला उशीर थोडा तरी भरून निघेल.

दप्तरखाना एका जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर होता. टेबलामागे पन्नाशीची एक बाई होती, लोकरी जाकीट घातलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने आपलं नाव मिस पेट्री सांगितलं.

"मी हॅडो," तो म्हणाला. "वायकाकाचा. अठराशे अठ्ठावन्नच्या एका जहाजावरच्या डॉक्टरची रोजनिशी—"

मिस पेट्रीचा चेहरा उजळला. पण लगेच तिने तो गंभीर केला, खेळात हातातले पत्ते लपवणाऱ्या माणसासारखा.

"हॅडो," ती म्हणाली. "असं का. बघते हं. आमच्याकडे खूप कागद आहेत, सापडेल की नाही सांगता येत नाही. तुम्ही बसा."

ती आत गेली आणि मिनिटभरात परत आली. इतक्या कागदांत इतक्या लवकर काही सापडेल असं गॅव्हिनला वाटलं नव्हतं. तिने तपकिरी कातडी बांधणीची वही त्याच्यापुढे ठेवली. वहीत आधीच एक कागदाची पट्टी खोचलेली होती. वही बरोबर त्या पानावर उघडली.

"नशीबवान आहात," मिस पेट्री म्हणाली आणि हसू दाबत खिडकीकडे बघू लागली.

अक्षर बारीक होतं. गॅव्हिनने चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ ओळ वाचली.

*२३ ऑगस्ट १८५८. वारा नैर्ऋत्येचा, समुद्र खवळलेला. पहाटे चार वाजता ग्रिझेल हॅडो, वय बावीस, मेंढपाळ निनियन हॅडो याची बायको, बाळंतज्वराने वारली. मूल, मुलगी, कालच गेली होती, नाव ठेवलेलं नव्हतं. नवरा काही कामाचा राहिला नाही. ॲग्नेस टुलॉक या अविवाहित मुलीने सात रात्री तिची शुश्रूषा केली, तिनेच अंग पुसलं आणि दोघींना एकाच कापडात शिवलं. टाके नीट घातले होते. दुपारी समुद्राच्या हवाली केलं.*

त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग वही तशीच उघडी ठेवून त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

तर निनियन एकटा आला नव्हता. बायकोला घेऊन निघाला होता आणि धक्का लागायला सोळा दिवस उरले असताना तिला समुद्रात सोडून आला होता. तिला दगड नव्हता, थडगं नव्हतं, तिचं नाव उच्चारायला कुणी मागे नव्हतं. दोन वर्षांनी त्याने ॲग्नेसशी लग्न केलं. आणि ॲग्नेसला पहिली मुलगी झाली तेव्हा तिने आपल्या आईची जागा त्या मेलेल्या बाईला दिली. जुन्या लोकांत तशी रीत होती, दुसरीने पहिलीचं नाव आपल्या पहिल्या मुलीला द्यायची. गॅव्हिनने ती लहानपणी ऐकली होती आणि विसरला होता. ॲग्नेसने आपल्या आईशी काही वैर केलं नव्हतं. तिने आईचं नाव सोडलं होतं, आणि त्याबद्दल सव्वाशे वर्षं तिच्याच पोरांनी तिला नावं ठेवली होती. गॅव्हिननेही ठेवली होती. आपल्या मुलाला रागावताना.

"मिळालं ना हवं ते?" मिस पेट्रीने विचारलं.

"मिळालं."

"मग आता बोलावू का त्यांना वर?" तिला आता हसू आवरेना. "मिसेस हॅडोंना. खाली गाडीत बसल्या असतील. मला म्हणाल्या होत्या, तो आधी एकटा वाचू दे, मग मी येते. जिने खूप आहेत, मी जाऊन घेऊन येते ना."

गॅव्हिनने तिच्याकडे बघितलं.

"माझी बायको मे महिन्यात वारली," तो म्हणाला.

मिस पेट्री उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं. मग तिने खुर्चीची पाठ धरली.

"मला माफ करा," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तुम्ही दोघं... त्यांनी लिहिलं होतं की..."

"काय लिहिलं होतं?"

ती आत गेली. या वेळी तिला वेळ लागला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक पत्र होतं. निळा कागद, स्वयंपाकघरातल्या टाइपरायटरचा, ज्याचं एक अक्षर नेहमी ओळीच्या वर उडायचं. ते अक्षर गॅव्हिनने चार हात अंतरावरून ओळखलं.

"हे आमच्या फायलीत राहायला हवं," मिस पेट्री म्हणाली. "पण तुम्ही वाचा."

पत्रावर तारीख होती अठ्ठावीस मार्च.

*मिस पेट्री यांस,*

*रोजनिशीची नक्कल पोचली. अकरा वर्षांचं कोडं तुम्ही दोन पानांत सोडवलंत, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. ॲग्नेसच्या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. इतकी वर्षं त्या बाईवर केवढा अन्याय केला आम्ही.*

*आता एक विनंती. थोडी विचित्र आहे. मी माझ्या नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. लग्न झालं तेव्हा, १९३९ साली, आम्ही दोन दिवस ड्युनेडिनला राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी पोर्ट चामर्सला धक्का बघायला जायचं ठरलं होतं, पण मेंढ्यांचं काहीतरी निघालं आणि परत यावं लागलं. पुढे कधीतरी जाऊ, म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नाही, फक्त मेंढ्या फार आहेत. सहलीला चल म्हटलं तर तो येणार नाही. पण त्याच्या स्वतःच्या घराण्याचं नाव शोधायला येईल, असं मला वाटतं. म्हणून ते कारण मी शिल्लक ठेवलं आहे. पुस्तकात ती जागाही कोरी ठेवली आहे. त्याच्या घरची गोष्ट आहे, त्यानेच ती त्याच्या हाताने लिहावी.*

*तेव्हा आम्ही आलो की तुम्ही काही माहीत नसल्यासारखं दाखवा. मी खाली गाडीत थांबेन, त्याला आधी एकट्याला वाचू द्या. तो वाचताना ओठ हलवतो, त्याची त्याला लाज वाटते. नंतर आम्ही धक्क्यावर जाऊ. चीजचे पाव मी घरूनच आणीन.*

*आपली,*
*नेट्टा हॅडो*

गॅव्हिनने पत्राची घडी होती तशी घातली. आपण वाचताना ओठ हलवत होतो हे त्याच्या लक्षात आलं.

अठ्ठावीस मार्च. आणि ती फाटकापर्यंत चालत आली तो एप्रिलचा दिवस. तेव्हा तिला नाव माहीत होतं. नाव तिच्या खिशात होतं. नाव थांबेल, असं ती म्हणाली होती.

"पाणी देऊ का?" मिस पेट्रीने विचारलं.

"नको. इथून पोर्ट चामर्स किती लांब?"

"अर्धा तास. पण आता तिथे बघण्यासारखं फारसं नाही, मिस्टर हॅडो. लाकडाचे ओंडके आणि क्रेन."

"हरकत नाही," तो म्हणाला.

*

टीनी सहा वाजता त्याच्या स्वयंपाकघरात बसलेली होती. पानं टेबलावर रचलेली, पेन्सिल कानामागे, चूल पेटवलेली. बाहेर अजून उजेड होता.

"डूगल येऊन गेला," ती म्हणाली. "दोन मेली, एकोणीस झाली. त्याने सांगायला सांगितलंय, तुझी ती हट्टी मेंढी अजून पाजत नाही. पण लाथही मारत नाही आता. तुला मिळालं का?"

"मिळालं."

"कधी?"

"अकराला."

"मग सात तास काय करत होतास? मला वाटलं, गाडी नदीत गेली."

"पोर्ट चामर्सला गेलो होतो."

"कशाला?"

"धक्का बघायला."

"सहाशे मेंढ्या माळावर सोडून तू धक्का बघत बसलास?"

"हो."

टीनीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

त्याने सूट न बदलता टाइपरायटर जवळ घेतला. तो त्याला येत नव्हता, म्हणून परत सारला आणि पेन मागितलं. पान चौदा पुढे घेतलं. शाळेत सहावीनंतर त्याने पत्रांशिवाय फारसं काही लिहिलं नव्हतं, आणि पत्रंही नेट्टाच लिहायची. अर्धं पान भरायला त्याला पाऊण तास लागला. ग्रिझेल हॅडो, पहिली पत्नी, वय बावीस. तारीख. समुद्र. नाव न ठेवलेली मुलगी. ॲग्नेस टुलॉक, सात रात्री. टाके नीट घातले होते, हे डॉक्टरचं वाक्य त्याने जसंच्या तसं उतरवलं. शेवटी लिहिलं, *ॲग्नेसविषयी आपल्या घरात जे सांगितलं जातं ते खरं नाही. कुणी पुन्हा सांगू नये.*

टीनीने पान उचललं. पेन्सिल काढली. वाचत वाचत खाली आली, आणि पेन्सिल कुठेच टेकली नाही. तिने चष्मा काढून पुसला.

"लहानपणी मला सगळे ॲग्नेस म्हणायचे," ती म्हणाली. "उलट बोलायची म्हणून. मला राग यायचा."

"आता?"

"आता म्हणा." ती उठली आणि चुलीत कोळसा टाकत पाठमोरी उभी राहिली.

गॅव्हिनने पान एकसष्ट घेतलं. रेघेपुढे तारीख लिहिली. १९ मे १९८३. चार महिने जे जमलं नाही ते चार सेकंदांत झालं. त्याला वाटलं होतं, ही दोन पानं भरली की काहीतरी हलकं होईल. पान चौदा भरलं होतं, पण नेट्टाला त्या पानाची गरजच नव्हती. तिला नाव नको होतं. तिला एक गुरुवार हवा होता.

तारखेखाली थोडी जागा होती. तिथे त्याने आणखी लिहिलं.

टीनी परत आली. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं, मोठ्याने, शाळेत वाचायची तसं, मग आवाज हळू होत गेला. "*हे पुस्तक हिने लिहिलं. हिला माझ्याबरोबर एक दिवस पोर्ट चामर्सचा धक्का बघायचा होता. हिने चार वेळा विचारलं. मी गेलो नाही. नंतर गेलो, एकटा. तिथे ओंडके आहेत आणि वारा फार आहे. हिला आवडलं असतं.*"

खोलीत चुलीचा आवाज होता.

"हे छापायचं?" टीनीने विचारलं.

"छापायचं."

"कुळकथेत असलं लिहीत नाहीत, गॅव्हिन. जन्म, लग्न, मृत्यू, मुलं. दीडशे माणसं वाचतील. डूगलसुद्धा वाचेल."

"वाचू दे."

"निनियन वाचेल. ऑस्ट्रेलियात. म्हणेल, म्हाताऱ्याला झालंय काय."

"त्याला सांग, बायको काही विचारत असेल तर ऐक."

टीनीने पान हातात धरलं. घराण्याचा प्रत्येक कागद तिच्या पेन्सिलीखालून गेला होता. चुलतभावाच्या मृत्युलेखातून तिने 'लाडका' हा शब्द काढला होता, कारण ते खरं नव्हतं. तिने पेन्सिल टेकवली, 'फार आहे' मधल्या एका अक्षराची मात्रा नीट केली, आणि पान बाकीच्या पानांवर ठेवलं. मग सगळी पानं दोन्ही हातांनी ठोकून सारखी केली आणि सुतळीने बांधली.

"उद्या मी नेते गोरला," ती म्हणाली. "तू झोप."

"आधी माळावर जाऊन येतो. उजेड आहे तोवर."

त्याने सूटचं जाकीट खुर्चीवर टाकलं आणि दारामागचा जुना कोट घातला, कोकराचा वास येणारा. क्वचित वापरायच्या आतल्या खिशात हात घातला तर तिथे कागदात गुंडाळलेलं काहीतरी कडक लागलं. त्याने बाहेर काढलं. एप्रिलपासूनचा चीजचा पाव होता, अर्धा खाल्लेला, दगडासारखा वाळलेला. मेंढे सोडताना घाईत त्याने तो खिशात टाकला होता.

टीनीने ते पाहिलं. "टाक ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको टाकूस."

त्याने तो परत कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि मेंढ्यांकडे गेला.